इराबत्ती बोलतात

होम मैदानावर ट्रॅक्टरने मातीचे उंचवटे रचले
की समजायचं, रविवारी मोटारसायकलींची शर्यत आहे,
आणि शनिवारच्या अंकात, आठव्या पानावर,
सोन्याच्या भावाखाली
श्रीहरी इराबत्तींचे चार परिच्छेद असणार.

मी केबलवाल्यांचा कॅमेरा धरायचो.
बेचाळीस डिग्रीत तो तव्यासारखा तापायचा.
ते शेजारी, मंडपाच्या बांबूला टेकून,
धूळ जाऊ नये म्हणून माईकला फडकं गुंडाळलेलं,
फडकं चादरीचंच, अर्धा मोर असलेलं.
"काय बे, गुडघ्यावर घे की कॅमेरा.
वळण आधी गुडघ्याला कळतं."

जन्म अशोक चौकामागे, बारा मागांच्या खोलीत.
तिथे बोलत कुणी नाही, ओठ हलवतात.
अगदीच बोलायचं तर
धोट्याच्या दोन फटक्यांमधल्या फटीत
शब्द सारायचा, सूत सारावं तसा.
तीच त्यांची शाळा.
फेऱ्या मोजायच्या तेलुगूत, सांगायच्या मराठीत,
शिवी कानडीत,
तीही माईक बंद करून.

बाकीचं शिकवलं एका फ्रेंच माणसाने.
नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही रात्री दोनला.
वाट बघत बसायचे तेव्हा शेजाऱ्याच्या डिशवर
कुठलंतरी परदेशी चॅनेल लागे,
मोटारी रात्रभर पावसात गोल फिरत
आणि तो बोलत राही.
अक्षर कळत नव्हतं.
कळायचं एवढंच, की तो श्वास कधी घेतो.
"चोवीस तासांची शर्यत, बे! आपल्या तीन पाळ्या,
आणि बोलणारा एकच."
खालच्या पट्टीवर त्याचं नाव येई.
ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं, नक्षी उतरवावी तसं,
पण उच्चारलं कधी नाही.
चुकलं असतं.

स्वतः सायकलवर. जन्मभर.

मग तो रविवार. बार्शीचा काटकर, नऊ नंबर,
मोठ्या उंचवट्यावरून उडाला
आणि गाडी आधी खाली आली.
इराबत्ती गप्प.
टेपवर अजून आहे, सत्तावीस सेकंद, नुसती इंजिनं.
मालक ओरडले, एवढ्यात चटणीच्या दोन जाहिराती बसल्या असत्या.
सोमवारच्या अंकात त्यांनी लिहिलं
कुठलं हॉस्पिटल, किती टाके, रक्त कुणी दिलं
(दोघांनी, दोघंही त्याला हरवायला आलेले).
कोण जिंकलं ते राहूनच गेलं.
जिंकलेला पोरगा कप घेऊन ऑफिसात भांडायला आला.

त्या दिवशी माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली.
चपला काढलेल्या.
नेहमीच काढायचे, मला वाटायचं भक्ती असेल.
मी मागून हाक मारली. दोनदा.
मग समोर गेलो आणि आवाज न काढता
फक्त ओठ हलवले: कधीपासून?
"अकरा वर्षं. मागांनी नेले कान.
सांगू नको कुणाला.
तिसरा गियर टाचेत येतो. चौथा पोटरीत.
बाकी धूळ सांगते."

आता मैदानावर शर्यती होत नाहीत.
चॅनेल बंद पडलं, मी लग्नांचे व्हिडिओ काढतो.
परवा रात्री गेलो त्यांच्याकडे. अंगणात घागरी मांडलेल्या,
नातवाचा मोबाइल बादलीला टेकवून
ते बघत होते, आवाज शून्यावर:
तोच फ्रेंच, केस कापसासारखे,
हातात फुलं, बहुधा निरोपाचा कार्यक्रम,
आणि ओठ चाललेले.
इराबत्ती त्या ओठांकडे बघत होते,
बापाच्या ओठांकडे खोलीत बघत असतील तसे.

मी समोर बसून विचारलं, काय म्हणतोय?

त्यांनी बोट वर केलं. थांब.
अनवाणी पाय नळाच्या पाइपवर होता.
"म्हणतोय," ते उठत म्हणाले, "पाणी आलं.
ती मोठी घागर आधी लाव."
नळ अजून कोरडा होता.
मी घागर लावली.